"औषध घेतलं होतं का?" आणि माझं खोटं उत्तर

"औषध घेतलं होतं का काही?"

जळगावच्या दवाखान्यात भरती होताना डॉक्टर मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तोंड उघडायच्या आत बाबा खुर्चीवरून उठले. "मॅडम, आमची पोरगी असलं काही करणारी नाही. तिला घरात काय कमी आहे?"

मॅडम बघतच राहिल्या. त्या पुण्याकडच्या, इकडे नव्याने आलेल्या. हा माणूस कशाने भडकला, ते त्यांना कळेना. आमच्या चोपड्याकडे शेतात फवारतात ते औषध. दुखण्यावर गोळी असते, सुई असते, काढा असतो. 'अमक्याने औषध घेतलं' असं कोणी म्हणालं, की ऐकणारा एकच विचारतो, वाचला का?

मी हसत हसत मॅडमना हे समजावलं. त्याही हसल्या. मग पुन्हा विचारलं, "तसं नाही हो काका. ताई, दुखण्याखुपण्यावर काही घेत होता? आयुर्वेदिक, झाडपाल्याचं, कोणी घरगुती दिलेलं?"

"नाही," मी म्हणाले.

माझ्या पायाशी पिशवी होती. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली बाटली होती. बाटलीवर माझ्याच अक्षरात लेबल होतं: यकृत-कवच.

बाबांचा गैरसमज प्रामाणिक होता. माझा नकार तसा नव्हता. दुखण्यातून उठलेली माणसं इतरांना धीर यावा म्हणून लिहितात. माझ्याकडे धीर कमी आहे. मी हे लिहिते आहे ते त्या एका 'नाही'साठी, आणि कावीळ झालेल्या कोणीही ते पुन्हा म्हणू नये म्हणून.

कर्ता

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. फवारणीच्या मजुरांना हातमोजे द्या, तोंडाला मास्क द्या, काम संपल्यावर आंघोळीला साबण-पाणी द्या, अशी आमची साधी मागणी. बाजाराच्या दिवशी वाटायची, पारावर वाचून दाखवायची. माझा एक नियम होता, तो मी प्रत्येक सभेत ओरडून सांगायचे: "'विषबाधा झाली' असं म्हणू नका! झाली म्हणजे काय, आभाळातून पडली? कोणी केली ते बोला. वाक्याला कर्ता पाहिजे!"

शेवंताअक्का पुढच्या रांगेत बसायची. आमच्याच गल्लीतली, पन्नाशीची. फवारणीच्या दिवसांत पाणी वाहायचं आणि ड्रममध्ये काठीने औषध ढवळायचं, हे तिचं काम. काठी आखूड पडली तर कोपरापर्यंत हात. तिला वाचता येत नाही, पण माझी वाक्यं तिला माझ्याहून पक्की पाठ असतात. कर्त्याचं ऐकून ती भर सभेत म्हणाली होती, "मना घरना कर्ता तं कव्हयच मरी गया वं!" सगळ्या बाया पदराआड हसल्या. मीही हसले, आणि पुन्हा तेच वाक्य ओरडले.

भोंदूंवरही मी पत्रक लिहिलं होतं. कावीळ उतरवणारे चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं, माणूस म्हणतो कावीळ गेली. 'पाण्यात उतरते ती भोंदूची लबाडी, तुमची कावीळ नाही.' हे वाक्य माझं. खूप गाजलं.

हातमोजे मात्र आले नाहीत. निवेदनं दिली, फोटो काढले, आश्वासनं घेतली. एकदा सभा संपल्यावर अक्काने मला अडवलं. "हातमोजा येतीन तव्हय येतीन, मित्रा. तवलोंग आम्ही काय करानं?"

मी संघमित्रा, गावाची मित्राताई. प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे पत्रक असायचं. या प्रश्नाला नव्हतं. त्याची मला लाज वाटली, आणि त्या लाजेतून बाटली आली.

मोबाईलवर वाचत सुटले. गुळवेल, भुईआवळा, कुटकी. यांचा अर्क दिला तर विषाचा मारा यकृत सोसतं, असं जागोजागी लिहिलेलं. खाली बारीक अक्षरात उंदीर होते. उंदरांना अमुक इतकं तोलून दिलं, तमुक इतके दिवस दिलं. पत्रकात मी उंदीर गाळले. तोल गाळला. दिवसही गाळले.

बांधावरचे वेल आम्ही चार-पाच जणींनी तोडले. 'हीच ना गं?' 'हीच, हीच.' एवढीच काय ती पारख. आईच्या मोठ्या पातेल्यात ते उकळून उकळून काळं, दाट केलं. पत्रकाचा मथळा होता: 'कंपनीचं विष, मातीचं कवच!' खाली सूचना: रोज उपाशीपोटी अर्धा कप, कितीही दिवस, अपाय नाही.

अपाय नाही. हे दोन शब्द मी कुठे वाचले होते? कुठेच नाही. ते मला वाक्याच्या शेवटी बरे वाटले.

पहिल्या वाटपाला अक्काने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू जहर शे वं!"

"कडू आहे म्हणूनच कवच आहे, अक्का," मी म्हणाले आणि सगळ्यांसमोर पूर्ण कप रिचवला. टाळ्या पडल्या. तेव्हापासून मी रोज पूर्ण कप घ्यायचे. बोलणाऱ्याने आधी करून दाखवावं, हाही माझा एक नियम.

हळद

तीन महिन्यांनी शेतात भरीत पार्टी होती. काट्याकुट्यांवर वांगी भाजत होती. ज्या वासाने खानदेशी माणूस चार मैल चालत येईल, त्या वासाने मला मळमळून आलं. मैत्रिणींनी चेष्टा केली, "मित्राताईला वांग्याने दृष्ट लावली!" मग लघवीला चहाचा रंग आला. मग खाज. तळपाय, तळहात, पाठ, जिथे पुरळ नाही, डाग नाही, तिथे नुसती आतून खाज.

आईने मला अंगणात उन्हात नेलं, डोळ्याची खालची पापणी ओढली आणि सोडली. "हळद उतरली गं डोळ्यात."

दोंडाईच्याहून मामाचा फोन आला. "इकडे एक जण मुळ्यांची माळ घालतो. माळ गुडघ्यापर्यंत लांबली की कावीळ उतरली."

"मामा, मी त्याच्यावर पत्रक लिहिलंय."

"मग तर उत्तम. तो तुला ओळखत असेल. लवकर नंबर लावेल."

मामाला मी झाडलं. अंधश्रद्धेवर पाच मिनिटं भाषण दिलं. फोन ठेवला आणि आत जाऊन एकाऐवजी दोन कप काढा प्यायले. माळ ही अंधश्रद्धा, आणि माझं लेबल लावलेलं काळं पाणी हे विज्ञान.

आठ दिवसांत चालता येईना. मग जळगाव.

वॉर्ड

सकाळी सहाला रक्त. सातला चहा, मला बिनदुधाचा. नऊला राऊंड. दुपारी भेटायला येणाऱ्यांची गर्दी, प्रत्येकाच्या हातात शहाळं आणि तोंडात सल्ला. शेजारच्या खाटेवर जामनेरच्या एक आजी होत्या, सगळा वॉर्ड त्यांना नानी म्हणायचा. पोटात पाणी झालेलं, पण जीभ ठणठणीत. खाजेने मी रडकुंडीला आले की त्या आपली फणी पुढे करायच्या. "आन तो पाय इकडं." केसांच्या फणीने त्या माझे तळपाय हलके हलके विंचरायच्या. त्या दवाखान्यात मला मिळालेलं सगळ्यात मोठं सुख ते. ज्यांना कावीळ झाली आहे त्यांनी करून बघा. नखं लावू नका, कातडी फाटते.

आई रोज सकाळी नातेवाइकांच्या घरून थर्मास भरून आणायची. तिथे ठेवलेल्या दुसऱ्या बाटलीतला काढा कोमट करून. मी बरी व्हावी म्हणून. मी तोंड भिंतीकडे करून प्यायचे.

"थर्मासात काय हाये वं पोरी?" नानींनी विचारलं.

"चहा."

"चहा असा नाक धरून कोनी पेतं का?"

मी थर्मासचं झाकण लावलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी फणी पुढे करताना त्या थर्मासाकडे बघत होत्या.

तीन दिवस रिपोर्टचे आकडे चढतच गेले. विषाणूच्या तपासण्या सगळ्या स्वच्छ. सोनोग्राफीत खडा नाही. मॅडम खाटेशी कागद घेऊन उभ्या राहिल्या. "काहीतरी सुटतंय आपल्याकडून."

'आपल्याकडून' म्हणाल्या. मी उशी नीट केली.

फोन

चौथ्या दिवशी दुपारी रेखाचा फोन आला. रेखा म्हणजे शेवंताअक्काची मुलगी, धुळ्याला दिलेली. अक्का पंधरा दिवसांपासून तिच्याकडे गेली होती. मी दवाखान्यात आहे, हे दोघींना माहीत नव्हतं. मीच घरच्यांना सांगितलं होतं, गावात बोलू नका.

"ताई, आईचे डोळे पिवळे झालेत. जेवणाकडे बघत नाही."

"बाटली?" मी विचारलं.

"घेते ना. दोन घेऊन आली सोबत. म्हणते, एक दिन बी चुकाडा नही. ताई, आई विचारते, डबल करू का? तू स्वतः डबल घेतेस ना?"

मागून अक्काचा आवाज आला, नेहमीसारखा खडा. "इचार तिले, इचार! ती सांगी तसं करू."

माझ्या डाव्या हातात सलाईन होतं. माझेच डोळे पिवळे होते. आकडे चढत होते, आणि का चढत होते हे मला त्या क्षणी कळलेलं होतं. 'कदाचित' वगैरे काही नाही. कळलेलं होतं. 'बंद कर', एवढे दोन शब्द म्हणायचे होते.

मी म्हणाले, "मी बघून सांगते."

फोन ठेवला. माझ्या डोक्यात तेव्हा अक्का नव्हती, पत्रक होतं. किती घरांत बाटल्या आहेत, आजवर ज्यांच्यावर मी ओरडले ते सगळे कसे दात काढतील, भोंदूच्या शेजारी मला कसे बसवतील, हे होतं. या कारणांना मी आज छान नाव देऊ शकते. 'चळवळीची विश्वासार्हता.' असल्या नावांवर मी आयुष्यभर पत्रकं लिहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने आणलेला थर्मास मी उघडला, आणि न पिता बाजूला ठेवला. राऊंडला मॅडम आल्या तेव्हा मी टॉवेल सोडून बाटली त्यांच्या हातात दिली.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी भांडले असते, ते मला जमतं. त्यांनी लेबल वाचलं, वास घेतला. "किती दिवस?" सांगितलं. "किती?" सांगितलं. "शेवटचं कधी?"

"काल सकाळी. इथेच."

आई बाजूलाच उभी होती. थर्मासचं झाकण हातात. "म्हणजे गं," ती म्हणाली, "रोज सकाळी मी तुला..." आणि खाली बसली. फरशीवर. नानी खाटेवरून म्हणाल्या, "उठ माय. तुले काय ठाऊक."

मॅडमनी एकच प्रश्न आणखी विचारला. "अजून कोण कोण घेतं हे?"

मी रेखाला फोन लावला. उचलेना. सातव्यांदा उचलला.

"ताई, आईला ॲडमिट केलंय. काहीच्या बाही बोलतेय. मला ओळखत नाही."

"रेखा, बाटली..."

"कालपासून डबल केली ना. तुझा फोन आला नाही, मग म्हटलं चालत असेल. आणि इथला डॉक्टर काय विचारतो माहितीये? आईने औषध घेतलं होतं का! मी म्हटलं तोंड सांभाळून बोला, माझ्या आईने कशाला औषध घ्यावं?"

मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, मी जळगावहून डॉक्टर बोलते. तुमच्यासमोर जे डॉक्टर आहेत त्यांना द्या. आत्ता."

त्या दोन डॉक्टरांचं बोलणं चार मिनिटं चाललं असेल. मी आदल्या दुपारी दोन शब्द बोलले असते, तर त्या चार मिनिटांची गरज पडली नसती.

वाट बघणं

मी जळगावला, अक्का धुळ्याला. बाबा एसटीने धुळ्याला गेले आणि रेखाच्या सोबतीला दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिले. ते मला फोन करत नसत. आईला करायचे. "सांग तिला, आज अक्काने पाणी मागितलं." "सांग तिला, आज रेखाला नावाने हाक मारली." ते माझ्याशी बोलत नव्हते, पण मला एक दिवसही बातमीविना ठेवलं नाही.

मी मॅडमना विचारलं, "अक्का वर्षानुवर्षं फवारणीचं ढवळते. तिचं त्यानेच झालं असेल ना?"

हा प्रश्न मी आशेने विचारला. ज्या कंपन्यांना मी शिव्या घालते, त्यांच्याच विषाने अक्काचं यकृत जळालं असावं, अशी मला आशा वाटली. आजारपणात मी बरंच काही वाईट केलं, त्यात हे सगळ्यात वाईट.

मॅडम म्हणाल्या, "त्याचाही वाटा असेल. वेल चुकला असेल, प्रमाण चुकलं असेल, किंवा काही माणसांना हे सोसतच नाही. यकृतावर कारण लिहिलेलं नसतं. पण बंद केल्यावर तुमचे आकडे उतरायला लागले, हे तुम्हीच बघताय." मग जाताना थांबून म्हणाल्या, "आणि उद्या झाडपाला सगळा वाईट असं पत्रक काढू नका. झाडात दम असतो, म्हणूनच ते मोजून, जाणत्याच्या हातून घ्यायचं असतं."

खाटेवरून मी घराघरांत फोन लावले. बाटल्या ओता, पिऊ नका. दोघींना खाज सुरू झाली होती, त्या थांबल्या आणि बऱ्या झाल्या. बाकीच्या घरांतून जे ऐकलं, त्याने मी हसले आणि रडले.

"ताई, आम्ही कधी पेलोच नाही. लई कडू. तुम्ही विचारायच्या तर तोंडावर हो म्हनायचो."

"आमच्याकडची म्हशीला पाजली एकदा. म्हैस पन थुंकली."

त्या घरांनी माझं ऐकलं नाही म्हणून ती वाचली. शेवंताअक्काने एक दिवसही चुकवला नाही.

निवडलेली डाळ

मी सव्वा महिन्यात उभी राहिले. अक्काला जास्त दिवस लागले. वाचली. पण पाण्याचा हंडा उचलवत नाही, विहिरीपर्यंत जाऊन आली की दम लागतो, आणि डॉक्टर म्हणतात यकृतावरचे वण राहतील. औषध ढवळायचं काम सुटलं. तिची सुटका करायला मी निघाले होते, ती अशी झाली.

गावात परतल्यावर मी पत्रक लिहिलं आणि छापायच्या आधी तिला वाचून दाखवायला गेले. अक्का ओट्यावर सुपात तुरीची डाळ निवडत होती. तिला भेटायची ही पहिली वेळ नव्हती. आधी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा हवापाण्यावर बोलून परत आले होते. माफी मागायचं धाडस होत नव्हतं, आणि तिनेही तो विषय काढला नव्हता.

मी वाचलं, "'यकृत-कवच' या काढ्यामुळे काही जणांना त्रास झाला. याचे आम्हाला दुःख आहे. कावीळ झाल्यास किंवा अंगाला खाज सुटल्यास दवाखान्यात जावे आणि घेतलेली प्रत्येक वस्तू, काढा, चूर्ण, रस, डॉक्टरांना सांगावी..."

"परत वाच," अक्का म्हणाली. "पहिलं."

"काही जणांना त्रास झाला."

अक्काने सुपातला खडा उचलून अंगणात फेकला. "तरास जाया? जाया म्हंजे काय वं? आभायमधून पडना?"

मी कागद खाली केला.

"तूच शिकाडेल शे माले," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कोनी दिधा ते लिख. आनी मनं नाव टाक. मी काय 'काही जन' शे का?"

मी तिथेच ओट्यावर बसून वाक्य खोडलं. नवं लिहायला वेळ लागला. तीन-चार वेळा 'आमच्याकडून' लिहिलं, 'अनवधानाने' लिहिलं, आणि प्रत्येक वेळी खोडलं. अक्का डाळ निवडत होती, घाई करत नव्हती. शेवटी मी वाचलं:

"मी, संघमित्रा, मी न मोजलेला काढा शेवंताअक्काला रोज प्यायला लावला. त्याने मी तिचं यकृत दुखवलं. तिने विचारलं तेव्हा मी बंद कर म्हणाले नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, औषध घेतलं होतं का, तेव्हा मी नाही म्हणाले."

अक्काचा हात सुपात थांबला. मग म्हणाली, "आते शे कर्ता. छाप."